क्लेअर दनी आणि साहेबाच्या बंगल्यातले बालपण

क्लेअर दनी यांच्याविषयी लिहिताना 'अनेक देशांत वाढलेली दिग्दर्शिका' अशी सुरुवात केली की त्यांचे अर्धे मोठेपण आपोआप बालपणाच्या खात्यावर जमा होते, आणि ते मला पटत नाही. १९४६ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या दनी कॅमेरून, जिबूती अशा फ्रेंच वसाहतींत वाढल्या, कारण वडील तिथल्या प्रशासनात अधिकारी होते. बदलीच्या नोकरीत गाव बदलते; बंगला, नोकरचाकर आणि गोऱ्या साहेबाचा मान मात्र सगळीकडे तोच असतो. अशा घरातल्या मुलीला आफ्रिका कळली असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि दनी यांचे चित्रपट तसा आव आणत नाहीत, यातच मला त्यांचे कर्तृत्व दिसते.

'शोकोला' (१९८८) या पहिल्याच चित्रपटात घरगडी प्रोते तापलेल्या नळीवर हात ठेवतो, त्याचे पाहून मालकाची मुलगीही ठेवते आणि तिचा तळवा भाजतो. मोठेपणी त्या तळव्यावर वाचण्यासारखी रेषाच उरलेली नसते. प्रोतेच्या मनात त्या क्षणी काय होते, हे चित्रपट सांगत नाही. (आपल्याकडे त्याच्या तोंडी नक्कीच एक भाषण घातले गेले असते.)

हा संयम घाईने आलेला नाही. 'शोकोला' प्रदर्शित झाला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. तोवर त्यांनी कोस्ता-गाव्रास, विम वेंडर्स, जिम जारमुश या दिग्दर्शकांकडे सहायक म्हणून काम केले होते. पुढे 'आर्ते' या वाहिनीने परकेपणावरील मालिकेसाठी चित्रपट मागितला, तेव्हा त्या जिबूतीला परतल्या आणि परदेशी सैनिकांच्या फ्रेंच पलटणीवर 'बो त्राव्हाय' (१९९९) केला. उन्हात कवायत करणाऱ्या, काटेकोर इस्त्री करणाऱ्या या जवानांकडे स्थानिक बायका बघत असतात आणि हसतात. परके कोण, हे त्या हसण्यातच समजते. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात हा चित्रपट सातवा आला.

त्याच वर्षीच्या 'स्टार्स अ‍ॅट नून'ला कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक विभागून मिळाले, तरी मला तो फिका वाटला. त्यातल्या निकाराग्वाशी दनी यांचे जुने देणेघेणे नाही, आणि म्हणूनच की काय, तो देश दोन परक्या प्रेमिकांमागचा दमट पडदा होऊन राहतो.