तक्रार बंद कोणी करायची?

कर्वे रस्त्यालगतच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो ड्रेनेजच्या एका फुटक्या झाकणावरून. सोसायटीच्या सचिव असलेल्या वहिनींच्या तक्रारीवर ‘कार्यवाही पूर्ण’ असा संदेश मोबाइलवर आला होता, झाकण मात्र तसेच होते.

वकील मित्राच्या मते दोष कायद्याच्या मर्यादेचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो आणि दोन अपिलांनंतर आयोगाकडेही जाता येते. परंतु हे सारे अधिसूचित सेवांपुरते असून प्रत्येक तक्रार त्या यादीत बसत नाही. तेव्हा तक्रारींनाही मुदत आणि दंड लावावा, असे त्याचे म्हणणे.

निवृत्त कनिष्ठ अभियंता असलेले आप्पा यावर उसळले. “केंद्राच्या तक्रार निवारण प्रणालीतली मुदत 2022 मध्ये 45 दिवसांवरून 30 झाली, 2024 मध्ये 21 झाली. मुदत संपत आली की वरून फोन येतो, पण काम झाले का, हे कोणी विचारत नाही. प्रलंबित किती, एवढेच विचारतात. मग माणूस काम नाही, तक्रार संपवतो. शिवाय चेंबर मलनिःसारण विभागाचे, रस्ता पथ विभागाचा आणि खोदाई तिसऱ्याचीच. दंड कोणाला करणार?”

या शेवटच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर माहिती अधिकार कायद्यात आहे, असे मला वाटते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवून अर्जदारास तसे कळवण्याची जबाबदारी कलम 6(3) ने कार्यालयावरच टाकली आहे. तक्रारींना हाच नियम का नसावा?

वहिनींची मागणी याहून सरळ होती: ज्याच्या कामाविषयी तक्रार आहे, त्याला ती बंद करता येऊ नये, तक्रारदाराच्या ओटीपीनेच ती बंद व्हावी. “शेजाऱ्याशी भांडण असलेला माणूस ती जन्मात बंद करणार नाही,” आप्पांनी लगेच हरकत घेतली, आणि ती खोटी नव्हती. आमच्या पेठांत असे तक्रारदार शोधायला लांब जावे लागत नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर ठरले ते असे, की तक्रारदार आठवडाभर गप्प राहिला तर तक्रार आपोआप बंद व्हावी, त्याने नकार दिला तर पाहणी दुसऱ्या क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्याने करावी, आणि पुन्हा उघडाव्या लागलेल्या तक्रारींचा आकडा कार्यालयनिहाय दरमहा जाहीर व्हावा. माझ्या दृष्टीने यातला आकडाच सर्वांत मोलाचा, कारण निकाली काढलेल्या तक्रारींच्या टक्केवारीतून खोटी पूर्तता कधीच दिसत नाही.

आप्पांनी मात्र एक अट जोडली. दोषदायित्व कालावधीतल्या, म्हणजे ज्या मुदतीत काम बिघडल्यास ठेकेदारानेच ते दुरुस्त करायचे असते त्या मुदतीतल्या, रस्त्याची तक्रार पुन्हा उघडली, तर ती थेट ठेकेदाराच्या अनामत रकमेशी जोडावी. वकिलाने निविदेच्या अटी पाहाव्या लागतील म्हटले, आणि वहिनींनी झाकणाचा नवा फोटो काढून तक्रार पुन्हा नोंदवली.