नल केल्याने पॉइंटर सुरक्षित होत नाही

सी++ शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रत्येक पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला, करा, वापरण्याआधी तो नल आहे का ते तपासा, डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डिलीट करून, म्हणजे मेमरी मोकळी करून, लगेच पुन्हा नल करा, मग प्रोग्राम कोसळणार नाही. पहिली सूचना चांगली आहे, ती पाळाच. उरलेल्या दोन मात्र खोटा दिलासा देतात, आणि शिकणाऱ्याचे तासन्‌तास भलत्याच ओळी तपासण्यात जातात.

‘वापरण्याआधी नल आहे का ते तपासा’

पॉइंटर नल नाही म्हणजे त्यातला पत्ता वैध आहे असे नव्हे. मोकळ्या केलेल्या मेमरीचा पत्ता ही तपासणी आरामात पार करतो, आणि कधीच किंमत न दिलेल्या पॉइंटरमधला कचराही. खरे तर नल पॉइंटरची चूक सर्वांत लवकर सापडते. डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) कोसळल्याचा पत्ता ०, ८, १६ असा लहान दिसला, तर बहुधा ऑब्जेक्टचा पॉइंटरच नल आहे आणि तुम्ही त्याच्या एखाद्या मेंबरला (आतल्या व्हेरिएबलला) हात घातला आहे. व्हिज्युअल सी++च्या डीबग बिल्डमध्ये पॉइंटरची किंमत ‘सीडी सीडी सीडी सीडी’ दिसली तर तो हीपवरच्या (न्यूने मागून घेतलेल्या मेमरीतल्या) ऑब्जेक्टमधला असून त्याला किंमत दिलेलीच नाही, ‘सीसी’ची रांग असेल तर तेच स्टॅकवर (फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलच्या मेमरीत) घडले आहे, ‘डीडी’ची रांग म्हणजे ते ऑब्जेक्ट आधीच मोकळे झाले आहे. यांपैकी एकही किंमत नल नाही.

‘डिलीट करून पुन्हा नल करा’

नल पॉइंटरवर डिलीट केले तर काहीच घडत नाही. भाषेचाच तसा नियम आहे. त्यामुळे डिलीटआधीची तपासणी अनावश्यक. आणि नंतर नल केल्याने फक्त तो एक व्हेरिएबल बदलतो. तोच पत्ता आणखी एखाद्या पॉइंटरकडे असेल तर त्याला याची खबरही नसते. शिवाय डिस्ट्रक्टरमध्ये तो मेंबर स्वतःच संपत असतो, म्हणून ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर ती ओळ गाळूनही टाकू शकतो.

खरी गोम कॉपीत आहे. समजा, एका क्लासच्या कन्स्ट्रक्टरने १०० पूर्णांकांची जागा न्यूने घेतली, डिस्ट्रक्टरने ती मोकळी केली, आणि कॉपी कन्स्ट्रक्टर (एका ऑब्जेक्टवरून त्याची प्रत बनवणारा) तुम्ही लिहिलाच नाही. तो कंपायलर देतो, आणि मेंबर जसेच्या तसे उतरवतो. म्हणजे जागा नवी नाही, पत्ता तोच. आता हे ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनला रेफरन्सऐवजी (मूळ ऑब्जेक्टच देण्याऐवजी) थेट किमतीने, म्हणजे कॉपी करून, द्या. फंक्शन संपताना आतल्या कॉपीचा डिस्ट्रक्टर चालतो, जागा मोकळी करतो आणि स्वतःचा पॉइंटर नल करतो. मूळ ऑब्जेक्टचा पॉइंटर तसाच, नल नसलेला, तपासणीत पास होणारा! पुढे मूळ ऑब्जेक्ट संपताना तीच जागा दुसऱ्यांदा मोकळी केली जाते. तिन्ही सूचना पाळूनही प्रोग्राम कोसळला, तोही चुकीच्या ओळीपासून कितीतरी दूर.

असाइनमेंटमध्ये (एक ऑब्जेक्ट ‘=’ने दुसऱ्यात घालताना) नुकसान दुप्पट: डावीकडच्या ऑब्जेक्टची जुनी जागा कायमची गळते आणि नवी जागा दोघांच्या वाट्याला येते.

उपाय असा करा. आधी कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट या दोन्हींपुढे ‘= डिलीट’ लिहून कंपाइल करा. कोडमध्ये नकळत कॉपी होते ते प्रत्येक ठिकाण कंपायलर एरर म्हणून दाखवेल. मग ठरवा: कॉपी नकोच असेल तर तिथे रेफरन्स द्या, हवी असेल तर नवी जागा घेऊन आतली माहिती उतरवणारे दोन्ही फंक्शन लिहा. त्याहून बरे, कच्चा पॉइंटर काढून व्हेक्टर (स्वतःची मेमरी स्वतः सांभाळणारी यादी) वापरा. मग डिस्ट्रक्टरसुद्धा लिहावा लागत नाही.

‘कन्स्ट्रक्टरमध्ये नल केले की झाले’

कन्स्ट्रक्टरच्या आत मेंबरच्याच नावापुढे पुन्हा टाइप लिहिला, तर नवा स्थानिक पॉइंटर तयार होतो; जागा त्याला मिळते, मेंबर नलच राहतो. जीसीसी या कंपायलरमध्ये यासाठी ‘शॅडो’ इशारा वेगळा चालू करावा लागतो, कारण इशाऱ्यांच्या ‘ऑल’ या पर्यायात तो येत नाही. दुसरी चूक क्रमाची. मेंबरना किंमत मिळते ती क्लासमध्ये ते ज्या क्रमाने जाहीर केले त्या क्रमाने, इनिशियलायझर यादीतल्या (कन्स्ट्रक्टरपुढे कोलननंतर लिहिलेल्या किमतींच्या) क्रमाने नाही. पॉइंटर आधी आणि लांबी नंतर जाहीर केली असेल, तर लांबीवरून जागा मागताना लांबीत कचराच असतो.

कन्स्ट्रक्टर मधेच एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) टाकून बाहेर पडला तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालत नाही. दोनदा न्यू केले आणि दुसरे फसले, तर पहिली जागा गळाली. मेंबर युनिक पॉइंटर (स्वतःची जागा स्वतः मोकळी करणारा पॉइंटर) असेल तर ती आपोआप सुटते.

चूक शोधताना ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे कंपायलरचे साधन) आणि डीबग माहिती चालू करून बिल्ड करा. दोनदा मोकळे केल्याच्या अहवालात फंक्शन-कॉलच्या तीन साखळ्या येतात: आता कुठे मोकळे केले, आधी कुठे केले होते, आणि जागा मुळात कुठे घेतली. मधली आधी वाचा. तिथे तुमचा डिस्ट्रक्टर एखाद्या फंक्शनच्या कॉलभोवती चाललेला दिसला, तर त्या फंक्शनचे पॅरामीटर बघा. रेफरन्सचे चिन्ह बहुधा तिथेच राहून गेलेले असते. किंमत न दिलेला पॉइंटर वाचल्याचे मात्र हे साधन पकडत नाही. त्यासाठी व्हॅलग्राइंड (मेमरी तपासणारे वेगळे साधन) चालवा.