कचरा टाकणारा दोषी, मग पाकीट बनवणारा कोण?

प्लास्टिकबंदीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरायला लागतो. थोडक्यात असा: पॅकिंगमुळेच अन्न टिकतं, पुडीमुळेच गरिबाला शॅम्पू परवडतो, पाकिटावर बाणांचा त्रिकोण असतो म्हणजे ते रिसायकल होतंच, आणि ग्राहकालाच चकचकीत पॅकिंग हवं असतं. तेव्हा कंपन्यांना बोल लावू नका, रस्त्यावर पाकीट भिरकावणाऱ्याला शिस्त लावा.

पहिल्या दाव्यात तथ्य आहे, आणि ते मान्यच करायला हवं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली, साठच्या वर माणसं दगावली. सुटं खाद्यतेल विकण्यावर निर्बंध आले त्यामागे हे आहे. वेफर्सच्या पाकिटातली ‘हवा’, जिच्यावर इतके विनोद होतात, तीसुद्धा फसवणूक नसते. तो नायट्रोजन असतो. वेफर्स खवट होऊ नयेत आणि त्यांचा चुरा होऊ नये म्हणून तो भरतात.

पण टिकवण्याचं काम करतो तो आतला एक थर. त्यावरचे बाकीचे कशासाठी? टूथपेस्टची ट्यूब बघा. सीलबंद असते, सगळी माहिती तिच्यावरच छापलेली असते, तरी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात येते. ‘तीनवर एक फ्री’ असेल तर चारही खोक्यांना मिळून वर प्लास्टिकचं वेष्टण. खोकं रचायला सोपं जातं आणि फळीवर उठून दिसतं, एवढंच. पेस्टला त्याचं काही देणंघेणं नाही. अन्न टिकवण्याची ढाल पुढे करायची आणि तिच्याआड जाहिरातीचा पुठ्ठा खपवायचा, हा प्रकार आहे.

आता पुडी. कुड्डलोरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरला, आणि १९८३ मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ हा शॅम्पू काढला. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात शॅम्पू त्यामुळे पोचला हे खरं. गंमत अशी की आपल्याकडे अनेक ब्रँडचा शॅम्पू बाटलीपेक्षा पुडीतच स्वस्त पडतो, मिलिलीटरमागे हिशोब करून पाहा. म्हणून चांगली पगारदार माणसंही पुड्यांची माळच्या माळ घेऊन जातात. मग हा गरिबाचा नाइलाज कुठे राहिला? किंमत कंपनी ठरवते. बाटली पुडीच्या दराने विकायला किंवा रिकामी बाटली भरून द्यायला तिला कुणी अडवलेलं नाही. रॉकेल मापाने विकत घेतलेला देश आहे हा, शॅम्पू मापाने घेणं आपल्याला जड जाणार नाही.

खरा घोळ त्रिकोणाचा आहे. ते बाणांचं चिन्ह १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणलं. आतला आकडा प्लास्टिकची जात सांगतो: १ म्हणजे ‘पेट’ (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), २ म्हणजे ‘एचडीपीई’ (शॅम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक), आणि ७ म्हणजे ‘इतर’. तुमच्या गावात ते रिसायकल होतं की नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. १९५० ते २०१५ या काळात जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेफर्सचं पाकीट कापून बघा. बाहेर छपाईची फिल्म, आत चंदेरी मुलामा, त्याच्या आत चिकटणारा थर, सगळे एकमेकांना घट्ट डकवलेले. वेगवेगळ्या जातींचं हे प्लास्टिक सुटं करणं परवडत नाही. शिवाय दहा रुपयांच्या पाकिटाचं वजन पाच ग्रॅमही भरत नाही. किलोभर जमवायचं तर दोनशेच्या वर पाकिटं वेचायची, तीही तेलकट-तिखट लागलेली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा घेतात. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, पुठ्ठा भंगारात विकला जातो, म्हणून तो लगेच बाजूला निघतो. चंदेरी पाकिटाला भाव नाही, ते मागे राहतं. तुम्ही धुऊन, पुसून, घडी घालून सुक्या कचऱ्यात दिलंत तरी फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाईल. सिव्हिक सेन्सने थर सुटत नाहीत.

आणि ‘कंपन्या काय करणार?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यात होतं. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, रिसायकल न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा, असं म्हटलं होतं. मुदत संपत आली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, नियमच बदलला. ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद. जाळून ऊर्जा मिळते म्हटल्यावर सगळं सुटलं. त्याच महिन्यात महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी आली. तिच्यात दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची तरतूद होती. तुम्हाला कधी मिळाले? पुढे २०२२ मध्ये उत्पादकांवर रिसायकलिंगची टक्केवारी बांधून दिली, इतकं प्लास्टिक रिसायकल झालं अशा प्रमाणपत्रांची पद्धत आली, आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं बनावट आढळली. ती काढणारे रिसायकलिंगचे कारखाने होते, त्यात महाराष्ट्रातलेही. रस्त्यावर पाकीट भिरकावणाऱ्याला दंड जरूर करा. पण शिस्तीचा धडा तिथेच का संपावा?

राहिलं ‘ग्राहकालाच हवं असतं’. दिवाळीत ऑफिसातून मिळणारा सुक्या मेव्याचा डबा आठवा. बाहेर पिशवी, मग सोनेरी छपाईची बाही, मग लोहचुंबकाने टपकन मिटणारं झाकण, सॅटिनचं अस्तर, प्लास्टिकचा ट्रे, त्यात चार बरण्या. ट्रे उचलला की खाली चार बोटं पोकळी. काजू, बदाम, मनुका, पिस्ते मिळून पाव-अर्धा किलो. हा डबा ज्याला मिळतो त्याने निवडलेला नसतो, खाणाऱ्याला तर कुणी विचारलेलंही नसतं. ठोक ऑर्डर देणाऱ्याला तो टेबलावर भारदस्त दिसायला हवा असतो, इतकंच.

ही पोकळी कायद्याने मोजता येते. चीनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून खाद्यपदार्थांच्या पॅकिंगला थरांची मर्यादा आहे, धान्याला तीन आणि बाकीच्यांना चार. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये कुरिअरच्या खोक्यात निम्म्याहून जास्त रिकामी जागा नको असा नियम केला. युरोपीय संघाचा नवा कायदा २०३० पासून दुहेरी भिंती आणि खोटे तळ, म्हणजे माल आहे त्यापेक्षा जास्त दिसावा एवढ्याचसाठी केलेली रचना, बाजारात आणूच देणार नाही. आपला मेव्याचा डबा तिथे पहिल्याच तपासणीत अडकेल.