मोटर कधी लागेल हे संगणकाला काय कळणार?

भाऊ, विजेच्या मागणीचा अंदाज संगणकाने कसा काढतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'आमच्याकडे रात्री दीडला थ्री फेज येते. कास्तकार मोटर कधी लावेल हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नसतं, तुमच्या संगणकाला काय कळणार? सोलर लावा अन् मोकळे व्हा.' दुखतं तिथंच तुम्ही बोट ठेवलंत, फक्त दोष भलत्याच्या माथी गेला.

एकट्या कास्तकाराची मोटर कधी लागेल हे मलाही सांगता येणार नाही. पण ते कुणी विचारतही नाही. भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्यात वीज किती लागते आणि किती येते याचा मेळ घालणाऱ्या केंद्राला, सगळ्यांचा मिळून आकडा लागतो, दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांचा. आणि त्यात एजी फीडर, म्हणजे फक्त शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी, तर ओळखायला सगळ्यात सोपा. लाईनचं वेळापत्रक ठरलेलं, बऱ्याच मोटरींना लाईन आली की आपोआप चालू करणारा ऑटोस्विच बसवलेला. लाईन आली की झाडून साऱ्या मोटरी एकदम उठतात (डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, जळते तीही बहुधा तेव्हाच), आणि आलेखावर भिंतीसारखी उभी रेघ दिसते. मागच्या आठवड्याची नोंद हाताशी असली की संगणकाचं साधं मॉडेलसुद्धा, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज काढणारं गणित, ही रेघ बरोबर काढतं.

घोळ इथंच आहे. ती रेघ म्हणजे तुमची गरज नव्हे, तुम्हाला दिलेली वीज. नोंदीत रात्री दीडचा भार दिसतो, म्हणून मॉडेल शिकतं की विदर्भातल्या कास्तकाराला रात्री दीडलाच ओलीत करायला आवडतं! ज्या तासांत लाईनच नव्हती तिथं शून्य, आणि त्या शून्याचा अर्थ लागतो 'मागणी नाही'. शिवाय कित्येक पंपांना मीटर नाही, हिशेब हॉर्सपॉवरवर. अशा नोंदींवर कितीही भारी गणित चढवा, ते जुनं वेळापत्रकच परत हातात देणार.

म्हणून मी उलटीकडून जायला सांगतो: आधी पीक, मग पाणी, मग वीज. वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा घ्या. अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागा ताणावर असतात, म्हणजे त्यांचं पाणी तोडलेलं असतं, तेव्हा बागेच्या मोटरी गप्प असतात. ताण संपवला की तालुकाभर थोड्याफार अंतराने पाणी सुरू. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत उशिरा, थंडी कशी पडली यावरही पुढं-मागं होतं. हे फीडरच्या नोंदीत दिसत नाही, पण बागांचं क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचं तापमान मॉडेलला दिलं तर पाणी कोणत्या आठवड्यात सुरू होईल, एवढं तरी ते बरोबर सांगू शकतं. ऑक्टोबरचंही तसंच. पाऊस लवकर गेला की हरभऱ्यासाठी रान ओलवायची घाई होते आणि मागणी झपकन चढते.

आता सोलरचं. दिवसा वीज मिळावी म्हणूनच तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, सबस्टेशनच्या आसपास छोटे प्रकल्प उभारायचा. कल्पना चांगलीच आहे. पण किती मेगावॅटचा प्रकल्प? समजा फीडरवर पाच हॉर्सपॉवरच्या ३०० मोटरी आहेत. सगळ्या एकदम लागल्या तर सुमारे १,१०० किलोवॅट. एक मेगावॅटचा प्रकल्प भर दुपारीसुद्धा तेवढं देणार नाही, सकाळी नऊला तर त्याच्या आसपासही नाही. आणि ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असंही नाही. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १६ टक्के तिथंच गेले. उलट चांगल्या पावसाच्या महिन्यात मोटरी बंद, तेव्हा असेल तेवढी वीज सबस्टेशनवरून गावठाण फीडरकडे, म्हणजे गावातल्या घरांच्या वाहिनीकडे, वळवावी लागते.

मग मोटरींचे गट किती पाडायचे, कोणत्या गटाला कोणते तास, लाईनच्या शेवटच्या वावरात व्होल्टेज टिकेल का? पर्याय हजारो होतात, ते तपासायला संगणक लागतो. वहीवर मांडता आलं असतं तर मीही वहीवरच मांडलं असतं.

तुमच्या फीडरला सध्या कोणत्या दिवशी कोणते तास लाईन असते आणि तुमच्या भागात जमीन हलकी की भारी, एवढं लिहा. तिथलं गणित मांडून इथंच टाकतो.