‘बेथलेहेमचा तारा’ असलेलं नाणं? नाण्यावरच काय लिहिलंय ते वाचा

सध्या एक फोटो फिरतोय. बोटाच्या पेरावर मावेल एवढं कळकट नाणं, आणि खाली मजकूर: बायबलमधल्या गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांपैकी (अगदी कमी मोलाच्या नाण्यांपैकी) ही एक, वर बेथलेहेमचा तारा (येशूच्या जन्मावेळी दिसला असं सांगतात तो) कोरलाय, येशूच्या हयातीत पाडलेलं, जगात मोजकीच उरलीत, म्हणून किंमत लाखांत.

ताऱ्यापासून सुरुवात करू, कारण लोक भुलतात ते त्यालाच. हे नाणं यहूदिया या प्राचीन ज्यू राज्याचा, हसमोनी घराण्यातला राजा अलेक्झांडर यान्नाय याचं. त्याची कारकीर्द इ.स.पू. 103 ते 76. एका बाजूला जहाजाचा नांगर आणि ग्रीक अक्षरांत ‘राजा अलेक्झांडरचे’. दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा, त्याभोवती राजपट्ट्याचं (राजा डोक्याला बांधतो त्या पट्टीचं) कडं. चांगल्या नाण्यावर किरणांच्या मधल्या फटींत प्राचीन हिब्रू अक्षरं दिसतात: ‘यहोनातान राजा’. यहोनातान हे यान्नायचंच हिब्रू नाव. म्हणजे तारा राजाचा आहे. याच राजाच्या हलक्या, ओबडधोबड नाण्यांवर त्याच्या राज्याचं 25 वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 80-79, नोंदलेलं असतं. येशूच्या जन्माच्या सत्तरेक वर्षं आधी बेथलेहेमचा तारा कोण कोरणार?

मग ‘येशूच्या हयातीत पाडलेलं’ हेही गेलंच. वापरात मात्र ही नाणी पहिल्या शतकातही होती, आणि विधवेच्या हातात अशीच असण्याची शक्यता चांगली आहे. पण विधवेची गोष्ट सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानात (बायबलच्या एका पुस्तकात) नाण्यावरच्या राजाचं नाव नाही. ‘हेच ते’ असं कुठलंही प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

येशूच्या काळातलंच हवं असेल तर यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याची नाणी पाहा. ती रोमन सम्राट तिबेरियसच्या राज्याच्या 16 ते 18 व्या वर्षांतली, म्हणजे इ.स. 29 ते 31 ची. त्यांवर शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकडी काठी किंवा पूजेची पळी असते. नाव सम्राटाचं, पिलाताचं नाही. वर्ष ग्रीक अक्षरांत. आणि कोणत्याही नाण्यावर ‘इ.स.पू.’ छापलेलं दिसलं तर ते सरळ खोटं.

दुर्मीळ म्हणाल, तर यान्नायची ही नाणी हजारोंनी सापडली आहेत. साधी, झिजलेली प्रत काही हजार रुपयांत मिळते. लाख मागणाऱ्याकडून आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, वजन आणि कडेचा फोटो मागवा. कडेवर ओतकामाची शिवण (साच्यात ओतलेल्या नकलेची खूण) दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवा.