आईला बाहेर ठेवून काय साधतं?

इन्फेक्शन नको म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आईवडिलांना दिवसातून दोनदाच सोडावं, हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमची मुलगी ३१ आठवड्यांतच जन्मली, वजन १२८० ग्रॅम, पहिले नऊ दिवस आम्ही तिला काचेतूनच बघितलं, बायको टाके सांभाळत जिना चढून वाटीत काढलेलं दूध सिस्टरकडे द्यायची, कधी १० मिली कधी तेवढंही नाही, की लगेच दार बंद. दहाव्या दिवशी एका सिस्टरने बायकोला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन दिला आणि बाळाला छातीवर उघडं ठेवून वरून दुपट्याने बांधलं. इवलीशी बोटं तिच्या गळ्यापाशी वळवळत होती, मग हळूहळू झोपली. त्या आठवड्यात दूधही वाढलं. पुढे मीपण शर्ट काढून तासन्‌तास बसलो, बापालाही जमतं हो हे!

आणि हे काही मनाचं सांगत नाहीये, डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०२२ मध्येच म्हटलंय की कांगारू केअर, म्हणजे बाळाला असं उघडं छातीशी धरणं, जन्मल्याबरोबर सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास. दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलमध्ये तर आईचा पलंगच बाळाशेजारी असतो. आपल्याकडे मात्र ओली बाळंतीण वॉर्डाबाहेर चटईवर बसलेली, आणि आत बाळ एकटं. बेड नसेल तर निदान एक टेकायची खुर्ची तरी ठेवा ना आत.