बोलपटांनी बस्टर कीटनला संपवलं नाही

बस्टर कीटनची एक करुण कहाणी वर्षानुवर्षं फिरते आहे. थोडक्यात ती अशी: मूकपटांच्या काळातला हा थोर विनोदी नट. कंत्राटात मनाई असल्यामुळे तो पडद्यावर कधीच हसला नाही. बोलपट आले, त्याचा आवाज लोकांना रुचला नाही, चित्रपट पडले. मग तो दारूत बुडाला, जग त्याला विसरलं आणि शेवटी कंगाल होऊन तो गेला.

यातली दारू खरी आहे. बाकी जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि ते खोडून काढायलाच हवं. कीटन १९१७ साली पहिल्यांदा पडद्यावर आला आणि १९६५ साली, मरणाच्या काही महिने आधीपर्यंत, कॅमेऱ्यासमोर उभा होता. ही कहाणी १९३३ नंतरचं त्याचं सगळं काम एका वाक्यात पुसून टाकते.

आधी आवाजाचं बघू. कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावचा. आई मायरा आणि वडील जो, दोघंही फिरतीवरचे कलावंत. पुढे हे कुटुंब व्होडव्हिलमध्ये शिरलं. व्होडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, जादू, कसरती, नकला, विनोदी प्रवेश असा एकामागून एक कार्यक्रम. अमेरिकेत गावोगावी त्याची थिएटरं होती. ‘थ्री कीटन्स’च्या प्रवेशात बाप लेकराला अक्षरशः उचलून फेकायचा, पकड नीट बसावी म्हणून पोराच्या कपड्यांवर पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असे. मुलांवरचा जुलूम रोखणारी न्यूयॉर्कची संस्था या कुटुंबाच्या मागे लागली होती, ती त्यामुळेच. पण त्या प्रवेशांत नुसती आदळआपट नव्हती. बोलणं होतं, गाणं होतं, दुसऱ्या कलावंतांच्या नकला होत्या. मायक्रोफोन नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचं काम त्यानं विशीपर्यंत केलं होतं. अशा माणसाला बोलण्याची भीती का वाटावी?

उलट ‘स्पाइट मॅरेज’ (१९२९) हा चित्रपट बोलता करावा, असा आग्रह त्यानंच धरला होता. तेव्हा तो ज्या स्टुडिओत होता त्या एमजीएमनं ऐकलं नाही. तो संवादांशिवाय, नुसतं संगीत जोडून प्रदर्शित झाला. कीटनचा आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला होता आणि त्याच्या चेहऱ्याला शोभणारा होता. ‘फ्री अँड ईझी’ (१९३०) हा त्याचा पहिला मोठा बोलपट. त्याच्या स्पॅनिश आवृत्तीतही तो स्वतःच बोलला, शब्दांचे उच्चार पाठ करून.

आणि ‘चित्रपट पडले’? पडला होता तो ‘द जनरल’. आज जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांत मोजला जाणारा हा मूकपट १९२६च्या अखेरीस आला. खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर, आणि अमेरिकेतली कमाई पाच लाखांच्याही आत. याउलट एमजीएममधले त्याचे सुरुवातीचे बोलपट चांगले चालले. ‘साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क’ (१९३१) त्याला स्वतःला अजिबात आवडला नव्हता, तरी त्यानं पैसा मिळवला. म्हणजे ज्या कामावर आपण आज जीव टाकतो ते तेव्हा तोट्यात गेलं, आणि जे बघवत नाही ते नफ्यात. प्रेक्षकांनी त्याला नाकारलं, असं यावरून कोणी म्हणू शकणार नाही.

मग बिघडलं काय? बिघडलं १९२८ साली, आणि त्याचा ध्वनीशी संबंध नव्हता. तोवर कीटनचं स्वतःचं युनिट होतं. पैशाची बाजू त्याचा साडू जोसेफ शेंक सांभाळायचा आणि चित्रपट कसा करायचा ते कीटन ठरवायचा. लिहिलेली पटकथा नसे. कथेची सुरुवात आणि शेवट सापडला की काम सुरू. मधलं आपोआप उलगडेल यावर विश्वास. अडलं तर सगळं युनिट बेसबॉल खेळायला लागायचं, आणि कुणाला तरी काही सुचलं की पुन्हा कॅमेरा. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि माळ्यावरच्या उघड्या खिडकीतून तो तसाच उभा राहतो. भिंत खरी होती, वजनदार होती आणि दोन्ही बाजूंना काही इंचांचीच जागा होती. असा धोका पत्करायचा की नाही, हे ठरवायचा हक्क त्याचा होता.

शेंकनं हे युनिट बंद करून त्याला एमजीएमकडे वळवलं. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड यांनी त्याला सावध केलं होतं, तरी तो गेला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात स्वतःच म्हटलं आहे. तिथे पटकथा आधी लिहून मंजूर व्हायची, प्रत्येक कामाला वेगळं खातं, प्रत्येक निर्णयाला वेगळा साहेब. ‘द कॅमेरामॅन’ (१९२८) त्यातूनही सुंदर झाला. पुढे त्याची जोडी जिमी ड्युरांटेशी लावली. ड्युरांटेही रंगमंचावरचा कसलेला माणूस, पण अखंड बडबड हा त्याचा विनोद, आणि कीटनचा विनोद शांततेत फुलणारा. हे न कळणाऱ्या व्यवस्थेला मोकळं सोडून आपण दोष तंत्रज्ञानाला देतो, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

दारूबद्दल लपवण्यासारखं काही नाही. १९३२ साली पत्नी नॅटली टालमॅजनं घटस्फोट घेतला, १९३३ साली एमजीएमनं काढून टाकलं, आणि पुढची दोनतीन वर्षं फार वाईट गेली. पण त्याच वर्षांत काम चालूच होतं. १९३४ साली पॅरिसमध्ये एक चित्रपट केला. १९३४ ते १९३७ या काळात एज्युकेशनल पिक्चर्ससाठी सोळा लघुपट, १९३९ ते १९४१मध्ये कोलंबियासाठी आणखी दहा. बरेच घाईत उरकलेले आहेत, मान्य; पण ‘ग्रँड स्लॅम ऑपेरा’ (१९३६) बघा, त्यात जुना कीटन जागोजागी भेटतो.

याच काळातलं त्याचं एक काम पडद्यावर दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. ज्या एमजीएममध्ये त्याला आठवड्याला तीन हजार डॉलर मिळायचे, तिथेच तो आठवड्याला शंभर डॉलरवर परतला. काम काय, तर दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग बांधून द्यायचे. मार्क्स बंधू या विनोदी नटांसाठी केलं, तसाच विनोदी नट असलेल्या रेड स्केल्टनसाठी तर खूपच केलं. ‘अ सदर्न यँकी’ (१९४८) अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा. त्यात दोन फौजांच्या मधून स्केल्टन चालत जातो. गणवेश अर्धा निळा, अर्धा करडा, आणि हातातल्या झेंड्याच्याही दोन बाजू दोन फौजांच्या. दोन्हीकडचे सैनिक आपलाच माणूस समजून जयजयकार करतात. ही कल्पना कीटनची. ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ (१९४९)मध्ये एक व्हायोलिन फुटायला हवं होतं, पण मुद्दाम फोडल्यासारखं दिसायला नको होतं. दिग्दर्शकानं कीटनला विचारलं. त्यानं पडण्याची अशी काही रीत बसवली की ती दुसऱ्या कुणाला जमेना. शेवटी ती भूमिकाच त्याला दिली. अपयशी माणसाला अशा कामासाठी बोलावत नाहीत. ते उस्तादालाच विचारतात.

१९४० साली एलेनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. दारूचा विळखा सुटण्यात तिचा वाटा मोठा.

‘जग विसरलं’ याला उत्तर देताना कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न आहे. १९४७पासून पॅरिसच्या सिर्क मेद्रानो या सर्कशीत त्याचे प्रयोग. १९४९च्या सप्टेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकात समीक्षक जेम्स एजीचा मूकपटांतल्या विनोदावरचा गाजलेला लेख, त्यात कीटनचा मनापासून गौरव. त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम. टीव्ही त्याला मानवला, कारण छोटे, नेमके प्रवेश हीच तर त्याची मूळ तालीम. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०), चॅप्लिनबरोबर ‘लाइमलाइट’ (१९५२), १९६० साली मानद ऑस्कर, १९६१ साली ‘ट्वायलाइट झोन’ या टीव्ही मालिकेचा भाग, असंख्य जाहिराती, तरुणांसाठीचे समुद्रकिनाऱ्यावरचे उथळ चित्रपटही. काही निवडी मला आवडत नाहीत. पण बोलावणं आलं की जायचं आणि आपला प्रवेश चोख करायचा, हा व्होडव्हिलच्या माणसाचा धर्म होता. त्याच वृत्तीनं १९६४च्या उन्हाळ्यात तो नाटककार सॅम्युएल बेकेटच्या लघुपटातही उभा राहिला.

त्याच वर्षी शरद ऋतूत कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी ‘द रेलरॉडर’चं चित्रण झालं. रुळांवरून धावणाऱ्या छोट्या मोटार-ट्रॉलीवर बसून तो देश पार करतो. वय एकोणसत्तर. उंच पुलावरून जाताना भलामोठा नकाशा वाऱ्यानं अंगाला गुंडाळला जातो, ही कल्पना त्याची. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटनला ती धोक्याची वाटली, त्यानं बदलली. कीटन चिडला, धुमसत राहिला, आणि अखेर आपलंच खरं केलं. या चित्रणावर त्याच वेळी एक माहितीपट निघाला, त्यात हा वाद दिसतो. विनोद कुठे आणि कसा बसतो यासाठी त्या वयात भांडणारा माणूस संपलेला नसतो. पुढल्या वर्षी, १९६५च्या सप्टेंबरात, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कंगालीचं उत्तर छोटं आहे. १९५७ साली त्याच्या आयुष्यावर एक चित्रपट आला. त्यातला तपशील बहुतांश काल्पनिक, आणि बोलपटांनी संपवल्याची दंतकथा पसरवण्यात त्याचाही हात आहे. पण हक्कांपोटी मिळालेल्या पन्नास हजार डॉलरमधून कीटननं वुडलंड हिल्सला घर घेतलं. तिथे बाग केली, कोंबड्या पाळल्या, खेळण्यातली रेल्वे चालवली. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं तो त्याच घरी गेला. त्यानं स्पेनमध्ये काम केलेला ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ नंतर ऑक्टोबरात प्रदर्शित झाला.

राहिलं न हसण्याचं कंत्राट. तो चेहरा कुठल्या स्टुडिओनं बांधून दिलेला नाही. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे तो रंगमंचावर लहानपणीच शिकला होता. विनोदी नट रॉस्को आर्बकलबरोबरच्या सुरुवातीच्या लघुपटांत त्यानं हा नियम अजून पाळलेला नाही. ‘कोनी आयलंड’ (१९१७)मध्ये तो दात दाखवून हसतो आणि रडतोही. तो लघुपट केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळा झाला आहे. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः बघून घ्यावं.